सोर्स फाईल हरवलेला ई-लर्निंग कोर्स: झिपमधे काय बदलता येतं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे की कंपनीचा पॉशचा, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा कोर्स आहे, स्टोरीलाईन या कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमधे बनवलेला, इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत, बनवणारा व्हेंडर आता संपर्कात नाही, डॉट स्टोरी फाईल, म्हणजे कोर्सची मूळ, बदलता येणारी सोर्स फाईल, कुणाकडेच सापडत नाहीये, हातात आहे ती फक्त एलएमएसवर, म्हणजे कर्मचारी जिथे कोर्स करतात त्या प्रणालीवर चढवलेली स्कॉर्म झिप, एलएमएसला समजेल अशा स्कॉर्म नावाच्या ठरलेल्या पद्धतीत बांधलेली. आणि बदलायचंय काय, तर अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं, आयपीसीची कलमं काढून भारतीय न्याय संहितेची टाकायची, एका स्लाईडचा ऑडिओ, आणि जमलं तर क्विझचे दोन प्रश्न. हे सोर्सशिवाय होईल का?

यातलं काही होईल, काही होईल पण करू नये, आणि काही नव्याने बनवावंच लागेल. कुठली गोष्ट कशात मोडते ते एकाच प्रश्नावर ठरतं, ती पब्लिश झाल्यावर, म्हणजे सोर्समधून कोर्सची झिप काढल्यावर, झिपमधे कुठे आणि कुठल्या रूपात जाऊन बसली. ऑडिओ, इमेज, व्हिडिओ या सुट्या फाईली असतात, त्या बिनधास्त बदला. मजकूर डेटामधे असतो, तो जपून बदला. ट्रिगर, म्हणजे कुठे क्लिक केलं की काय व्हायचं ते, टायमिंग, स्कोरिंग हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, त्याला हात लावू नका. मी वर्षानुवर्षं हेच काम करतेय आणि इतक्या टूल्सच्या आवृत्त्या येऊन गेल्या तरी हा नियम काही बदललेला नाही.

पब्लिश करणं म्हणजे गहू दळणं आहे, पिठातून गहू परत मिळत नाही. झिपवरून डॉट स्टोरी परत करून देतो असं कुणी म्हणत असेल तर तो एकतर सगळा कोर्स हाताने नव्याने बनवणार आहे किंवा तुम्हाला फसवतोय, कारण स्टोरीलाईन बनवणाऱ्या आर्टिक्युलेट कंपनीने पब्लिश केलेल्या आउटपुटवरून प्रोजेक्ट परत मिळवायची सोय दिलेलीच नाही. ॲडोबी कॅप्टिव्हेट हे असंच कोर्स बनवायचं दुसरं टूल, त्याचंही तेच.

पण झिपला हात लावायच्या आधी सोर्स खरंच हरवलीय का ते नीट बघा, हे मी दरवेळी आग्रहाने सांगते कारण लोक शेअर्ड ड्राईव्हवर एकदा शोधतात आणि सोडून देतात. ज्या लॅपटॉपवर कोर्स बनला तो जर कंपनीचाच असेल तर आयटीकडे त्याचा बॅकअप असू शकतो. स्टोरीलाईन ॲप-डेटामधल्या आर्टिक्युलेटच्या फोल्डरात रिकव्हरीच्या तात्पुरत्या फाईली ठेवतं, प्रोजेक्टच्या नावाने सुरू होणारी टीएमपी फाईल तिथे सापडली तर तिची कॉपी काढून एक्स्टेन्शन बदलून डॉट स्टोरी करा आणि उघडून बघा. कॅप्टिव्हेटमधे बॅकअपचं सेटिंग चालू असेल तर प्रोजेक्टच्या शेजारीच बीएके फाईल पडलेली असते. आर्टिक्युलेटचंच राईज हे ऑनलाईन टूल वापरलं असेल तर त्याची कॉम्प्युटरवर फाईलच नसते, सगळं अकाऊंटमधे असतं, त्यामुळे माणूस कंपनी सोडून गेला असला तरी टीमच्या ॲडमिनला विचारा, त्याचं कंटेंट दुसऱ्या कुणाच्या नावावर घेतलंय का ते.

आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मराठी व्हर्जन आहे! म्हणजे कुणीतरी भाषांतर केलंय. स्टोरीलाईनमधून भाषांतरासाठी वर्ड किंवा एक्सलिफ फाईल काढतात, तिच्यात प्रत्येक स्लाईडचा प्रत्येक शब्द असतो, बटणांवरचा, क्विझच्या फीडबॅकमधला, सगळा. ती भाषांतरकाराच्या मेलमधे हमखास पडलेली असते, लोक मेल डिलीट करत नाहीत. व्हॉइस ओव्हर करणाऱ्या कलाकाराकडे स्क्रिप्ट असते आणि स्टुडिओकडे डब्ल्यूएव्ही फाईली असू शकतात. कंपनीतल्या ज्या मॅडमनी किंवा सरांनी कंटेंट तपासून दिलं होतं त्यांच्याकडे स्टोरीबोर्ड असतो. या सगळ्यांना फोन केलेत आणि डॉट स्टोरी नाही मिळाली तरी नव्याने बनवायची वेळ आली तर अर्धं काम वाचलेलं असेल. एखादी जुनी, अर्धवट डॉट स्टोरी सापडली तरी ती सोन्यासारखी जपा, आणि ती करप्ट असेल तर एक्स्टेन्शन झिप करून उघडा, ती आतून झिपच असते, निदान मीडिया तरी हाताला लागतं.

एवढं करूनही नाही मिळालं तर मग झिप. ती एलएमएसवरून उतरवून घ्या. मूडल हे एलएमएस असेल तर त्या स्कॉर्म ॲक्टिव्हिटीच्या सेटिंगमधे पॅकेज फाईल दिसते, तिथूनच डाउनलोड होते, सर्व्हरवर जाऊन मूडल-डेटामधे शोधत बसू नका कारण तिथे फाईलींची नावं हॅशची असतात आणि काही ओळखू येत नाही. बाकीच्या एलएमएसमधे ॲडमिनला किंवा त्यांच्या सपोर्टला विचारावं लागतं. उतरवलेली झिप तशीच्या तशी एका फोल्डरात ठेवून द्या, नावात तारीख टाका आणि तिला परत हात लावू नका, जे काय करायचं ते कॉपीवर. गिट, म्हणजे फाईलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, येत असेल तर उघडलेलं फोल्डर गिटमधे टाका, कुठल्या फाईलमधे काय बदललं ते पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणालातरी शोधायचं असतं.

झिप उघडल्यावर वरच्याच पातळीवर आयएमएस मॅनिफेस्ट नावाची एक्सएमएल फाईल दिसेल, ती स्कॉर्मची ओळख. मेटा डॉट एक्सएमएल असेल तर तीही उघडा, स्टोरीलाईन तिच्यात स्वतःचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवतं, आणि पुढचं बरंच काही त्या आवृत्तीवर अवलंबून आहे. स्टोरी-कंटेंट नावाचं फोल्डर असेल तर स्टोरीलाईन, स्कॉर्म-कंटेंट आणि स्कॉर्म-ड्रायव्हर अशी दोन फोल्डरं असतील तर राईज, एआर, डीआर, व्हीआर अशी दोन अक्षरी फोल्डरं आणि सीपीएम नावाची जेएस, म्हणजे जावास्क्रिप्टची, फाईल असेल तर कॅप्टिव्हेट.

आता कोर्स नुसता डबल क्लिक करून उघडू नका, ब्राउझरच्या सुरक्षेच्या नियमांमुळे अर्ध्या गोष्टी चालत नाहीत आणि आपण विनाकारण नसलेला दोष शोधत बसतो. व्हीएस कोड या एडिटरमधलं लाईव्ह सर्व्हर लावा, नाहीतर पायथनचा साधा सर्व्हर, आणि तिथून चालवा. ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कचा टॅब लावून ठेवा, आणि जी स्लाईड बदलायचीय तिथे जा. त्या क्षणी कुठली जेएस फाईल, कुठला एमपी३, कुठली इमेज लोड झाली ते तिथे ओळीने दिसतं. स्टोरीलाईनमधे फाईलींची नावं म्हणजे अक्षर-आकड्यांचा गिचमिडा असतो, नावावरून कुठली स्लाईड ते कळणं शक्यच नाही, त्यामुळे हा मार्ग सोडून फोल्डरात एकेक फाईल वाजवत बसणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

ऑडिओ सगळ्यात सोपा. नवीन रेकॉर्डिंग करा, जुन्या फाईलच्याच नावाने सेव्ह करा, जागेवर टाका, झालं. स्टोरीलाईनच्या ऑडिओ फाईलच्या नावात सॅम्पल रेट आणि बिटरेटचे आकडे असतात, नवी फाईलही त्याच सॅम्पल रेटला काढा, ऑडॅसिटीमधे होतं. खरी अडचण लांबीची आहे. स्लाईडची टाईमलाईन किती सेकंदांची ते डेटामधे आधीच लिहिलेलं असतं, नवा आवाज जास्त लांब झाला तर शेवटचं वाक्य तुटतं, आणि मधेच बुलेट पॉईंट येत असतील तर ते जुन्याच वेळेला येतात. म्हणून आवाज देणाऱ्याला जुनी क्लिप ऐकवा आणि तेवढ्याच वेळात बसवायला सांगा, थोडी कमी झाली तर शेवटी शांतता जोडता येते. मराठीत हे जास्त त्रासाचं असतं कारण तेच वाक्य मराठीत बरेचदा लांबतं, मग स्क्रिप्टच आवळावी लागते. आणि आवाज तोच कलाकार देणार नसेल तर मधल्या एकाच स्लाईडला वेगळा आवाज कानाला टोचतो, अशावेळी मी सलग पूर्ण विषयाच्या सगळ्या स्लाईडी नव्या आवाजात करायला सांगते. सबटायटल असतील तर तेही बदलायचे हे विसरू नका, ऐकू कमी येणारा माणूस ते वाचूनच कोर्स करतोय आणि त्याला जुनी माहिती जाणार.

इमेजचंही तसंच, तेच नाव, तोच फॉरमॅट, तेवढेच पिक्सेल. स्टोरीलाईन एकाच इमेजच्या वेगवेगळ्या मापांच्या कॉप्या काढू शकतं, त्यामुळे एक बदलून दुसऱ्या स्लाईडवर जुनीच दिसली तर घाबरू नका, तिची दुसरी फाईल शोधा. जुन्या पॅकेजमधे मोबाईल नावाचं वेगळं फोल्डर असतं, तिथेही बघा. व्हिडिओची लांबी आणि रिझोल्यूशन जुन्याइतकंच ठेवा, आणि त्याच्यासोबत सुरुवातीची स्थिर पोस्टर इमेज असते ती पण बदला.

आता मजकूर, आणि इथेच बहुतेक लोक अडकतात. फाईलींमधे शब्द शोधता, सापडतो, बदलता, सेव्ह करता, रिफ्रेश करता, आणि स्क्रीनवर काहीच बदललेलं नसतं. कारण स्टोरीलाईनच्या जुन्या पद्धतीच्या टेक्स्टमधे पब्लिश होताना अक्षरांची अक्षरं राहतच नाहीत, त्यांच्या आकृत्या होतात. तुम्ही जो शब्द शोधून बदललात तो स्क्रीन रीडरसाठी ठेवलेला पर्यायी मजकूर होता. म्हणजे डोळ्यांना जुनं नाव दिसतंय आणि अंध कर्मचाऱ्याला नवं ऐकू येतंय, अशी भलतीच अवस्था होते, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. नंतर स्टोरीलाईन ३६० मधे मॉडर्न टेक्स्ट आलं, त्याच्यात खरी अक्षरं आणि सोबत फॉन्ट असतो. तुमचा कोर्स कुठल्या प्रकारचा ते ओळखायला त्या मजकुरावर राईट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, पाथ नावाचे टॅग आणि त्यांच्यात आकड्यांच्या लांबच लांब रांगा दिसल्या तर आकृत्या आहेत, शब्द शब्द म्हणून दिसले तर नशीब चांगलं.

खरी अक्षरं असली तरी तीन गोष्टी सांभाळा. पहिली, स्लाईडचा डेटा जेसन नावाच्या मजकुरी स्वरूपात असतो आणि तो पूर्ण जेसन जावास्क्रिप्टच्या एकेरी अवतरणचिन्हात गुंडाळलेला असतो, त्यामुळे इंग्रजी मजकुरात साधी अपॉस्ट्रॉफी टाकलीत आणि तिच्या आधी बॅकस्लॅश नाही दिला तर ती स्लाईड उघडतच नाही, नुसता गोल फिरत राहतो. दुहेरी अवतरणचिन्हांनाही तसंच एस्केप करावं लागतं, शक्यतो अशी चिन्हं टाळूनच वाक्य लिहा. दुसरी, ओळ कुठे तुटायची ते बहुतेक वेळा पब्लिश होतानाच ठरलेलं असतं, नवीन नाव लांब असलं तर ते आपोआप खाली जात नाही, चौकटीबाहेर जातं किंवा शेजारच्या मजकुरावर चढतं. तिसरी खास मराठीची, पॅकेजमधल्या फॉन्टमधे तुम्हाला हवं ते अक्षर किंवा जोडाक्षर असेलच असं नाही, मग त्या एकाच नावातला एक शब्द वेगळ्याच फॉन्टमधे किंवा चौकोन होऊन दिसतो. फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, मराठीसाठी हे चुकलं की सगळ्या पानाचा कचरा होतो. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड वापरा, वर्डमधे असल्या फाईली उघडूसुद्धा नका.

तुमच्या कलमांच्या बदलाचं मात्र चांगलं आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि पॉशच्या कोर्समधे साधारणपणे येणारी कलमं बघितली तर लैंगिक छळाचं ३५४-ए आता ७५ झालंय, विवस्त्र करण्याच्या हेतूने हल्ला ३५४-बी चं ७६, चोरून बघणं किंवा चित्रण करणं ३५४-सी चं ७७, पाठलाग ३५४-डी चं ७८, आणि ५०९ चं ७९. म्हणजे नवा मजकूर जुन्यापेक्षा लहानच आहे, जागेची अडचण येणार नाही, मॉडर्न टेक्स्ट असेल तर हे पॅचने, म्हणजे झिपमधेच दुरुस्ती करून, छान होतं. फक्त आकडे शोधा-बदला करून एका झटक्यात सगळीकडे बदलू नका, ३५४ हा आकडा फाईलमधे कुठल्यातरी वस्तूची रुंदी किंवा जागा म्हणूनही असू शकतो आणि मग लेआउटचा चुथडा होतो. एकेक जागा बघून बदला. आणि बदललेला मजकूर कंपनीच्या वकिलांना दाखवा, कारण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमं लागतात आणि कोर्समधल्या उदाहरणात तारीख दिली असेल तर नुसता आकडा बदलून चालणार नाही.

आकृत्यांवाला जुना प्रकार असेल तर माझं स्पष्ट मत असं की त्या आकृत्या बदलायच्या नादी लागू नका. लोक त्यावर पांढरा चौकोन टाकून वर नवा मजकूर बसवतात, एचटीएमएलमधे स्क्रिप्ट घालून. लॅपटॉपवर दिसतंही छान, पण मोबाईलवर प्लेअर लहान झाला की तो चौकोन सरकतो आणि खालचं जुनं नाव अर्धं बाहेर डोकावतं. एखाद्या आठवड्यापुरती निकड असेल तर ठीक, कायमचं नको.

नावांच्या बाबतीत तर मी ती कोर्समधून काढूनच टाका म्हणेन. पॉश कायदा २०१३ चा आहे, त्याच्या कलम ४ प्रमाणे अंतर्गत समितीच्या सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते, मधे कुणी राजीनामा देतं, बदली होते, म्हणजे नावं बदलणार हे ठरलेलंच आहे. जी गोष्ट बदलणार हे आधीच माहितीय ती पब्लिश होणाऱ्या कोर्सच्या आत ठेवायचीच कशाला? एलएमएसवर त्याच कोर्सच्या शेजारी एक साधं पान करा, समितीची सध्याची नावं, फोन, ईमेल, आणि ते एचआरच्या माणसाला दोन मिनिटांत बदलता येऊ दे. स्लाईडवर फक्त समितीची सध्याची यादी कुठे बघायची एवढंच वाक्य राहील, आणि ती स्लाईड जर इमेज असेल किंवा मॉडर्न टेक्स्ट असेल तर एकदाच बदलायची. ज्या बाईला खरंच तक्रार करायचीय तिने कोर्स उघडला आणि तिला कंपनी सोडून गेलेल्या माणसाचा नंबर मिळाला, हे आपल्या कामातून होता कामा नये. म्हणून या एका स्लाईडसाठी मी सगळं काम थांबवून आधी ते पान करायला लावते.

बाकीच्या टूलचं थोडक्यात सांगते कारण अशा कंपन्यांकडे एकाच प्रकारचे कोर्स कधीच नसतात. राईजमधे सगळा मजकूर एका लांबलचक बेस-६४ स्ट्रिंगमधे, म्हणजे सांकेतिक अक्षरांच्या रांगेत असतो, जुन्या एक्सपोर्टमधे इंडेक्सच्या एचटीएमएलमधेच, नव्यांमधे वेगळ्या जेएस फाईलमधे. ती डीकोड केली की स्वच्छ जेसन मिळतं, मजकूर बदला, परत एन्कोड करून एका ओळीत जागेवर ठेवा. मराठी असेल तर ब्राउझरचं साधं एटूबी फंक्शन वापरू नका, ते यूटीएफ-८ समजत नाही, पायथनने करा. आणि ऑनलाईन डीकोडरच्या कुठल्याही साईटवर कंपनीचा कोर्स पेस्ट करू नका, त्यात माणसांची नावं आणि आतली माहिती असते. राईज पॅचला सगळ्यात चांगलं, कारण तिथे मजकूर आपोआप वाहतो, ओळी तुटायची भानगड नाही. कॅप्टिव्हेटच्या साध्या प्रोजेक्टमधे टेक्स्ट कॅप्शन म्हणजे डीआर फोल्डरातली पीएनजी असते, त्याच मापाची नवी पीएनजी बनवायची, आणि सीपीएम फाईलमधे तिचा स्क्रीन रीडरचा मजकूर असतो तोही बदलायचा, नाहीतर वर सांगितली तीच अवस्था उलटी होते. लेक्टोरा या टूलचे कोर्स पानागणिक एचटीएमएल असल्याने हाताने बदलायला बरे पडतात. आणि फ्लॅशचे एसडब्ल्यूएफ असतील तर ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरने कंटेंट चालवणंच थांबवलं, त्यामुळे तिथे दुरुस्ती करण्यात अर्थ नाही, जेपेक्स नावाचा मोफत डीकंपायलर घेऊन त्यातली चित्रं, आवाज आणि मजकूर बाहेर काढा आणि नवा कोर्स बनवा.

क्विझचे दोन प्रश्न. तांत्रिकदृष्ट्या जेसनमधे बरोबर उत्तर कुठलं ते शोधून बदलता येतं, पण मी ते करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही. स्क्रीनवर दिसणारा पर्याय, एलएमएसला रिपोर्टमधे जाणारा मजकूर, गुण, फीडबॅकच्या लेयर, परत प्रयत्न केल्यावर काय व्हायचं, हे सगळं वेगवेगळ्या जागी लिहिलेलं असतं. एक जागा राहिली तर माणूस बरोबर उत्तर देतो, स्क्रीनवर शाब्बास येतं, आणि रेकॉर्डमधे चूक नोंदवली जाते. साधा कोर्स असता तर निस्तरता आलं असतं, पण हे कम्प्लायन्सचं ट्रेनिंग आहे, उद्या कुणी विचारलं की या कर्मचाऱ्याला प्रशिक्षण दिलं होतं का आणि तो पास झाला होता का, तर आपल्या हाताने ठिगळ लावलेल्या क्विझचा रिपोर्ट पुढे करायचा का? पासिंगच्या टक्क्यांचंही तसंच, स्कॉर्म १.२ च्या मॅनिफेस्टमधे मास्टरी स्कोर असू शकतो आणि कोर्सच्या आत स्वतःचा वेगळा आकडा असतो, एकच बदलला तर दोघांचं जुळत नाही. क्विझ चुकीची असेल तर क्विझ नव्याने बनवा, तेवढीच वेगळी. स्टोरीलाईनमधे एक्सेलमधून प्रश्न इम्पोर्ट करता येतात, मूडल असेल तर मूडलचीच क्विझ चालेल, आणि जुन्या कोर्सला नुसता माहिती देणारा भाग म्हणून ठेवा. जुन्या क्विझचा निकाल कम्प्लीशनला, म्हणजे कोर्स पूर्ण झाल्याच्या नोंदीला, जोडलेला असेल तर मात्र हे जमत नाही, कारण तिथे परत लॉजिकमधेच हात घालावा लागतो.

मग पूर्ण नव्याने कधी बनवायचा? माझा अंदाज घ्यायचा मार्ग असा, बदल फक्त मीडिया आणि मोजक्या शब्दांपुरता आहे आणि पुढच्या वर्षी परत लागणार नाही, तर पॅच. कम्प्लीशनला जोडलेली क्विझ, टायमिंग, नवीन स्लाईड, स्लाईडचा क्रम यातलं एकही असेल, किंवा हाच कोर्स दरवर्षी बदलायचा आहे हे दिसत असेल, तर नव्याने. वरिष्ठ लोक बजेट नाही म्हणतात, पण झिपमधून ऑडिओ, व्हिडिओ आणि इमेज तशाच्या तशा मिळतात, मजकूर भाषांतराच्या फाईलीतून किंवा स्क्रीन रीडरच्या मजकुरातून काढता येतो, प्रत्येक स्लाईडचा स्क्रीनशॉट काढला की डिझाईन समोर असतं, म्हणजे विचार करायचं, लिहायचं आणि तपासून घ्यायचं काम आधीच झालेलं आहे, उरते ती मांडणी आणि ट्रिगर. हे त्यांना नीट समजावून सांगा, नव्याने म्हणजे शून्यातून नव्हे. ज्या ॲनिमेशनच्या स्लाईडी परत बनवणं परवडत नाही त्यांचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून व्हिडिओ म्हणून नव्या प्रोजेक्टमधे बसवता येतात, फक्त त्यात क्लिक करायचं काही नसावं.

पॅच झाल्यावर झिप करताना फोल्डर सिलेक्ट करू नका, फोल्डरच्या आतल्या सगळ्या फाईली सिलेक्ट करा, मॅनिफेस्ट झिप उघडल्या उघडल्या दिसलं पाहिजे, एक फोल्डर आत गेलं तर एलएमएस म्हणतं हे स्कॉर्मच नाही. मॅकवर झिप केली तर मॅकच्या लपलेल्या फाईली आत जातात त्या काढा. मॅनिफेस्टमधले आयडेंटिफायर बदलू नका, नाहीतर एलएमएसला तो नवा कोर्स वाटतो आणि जुन्या नोंदींशी नातं तुटतं. नंतर स्कॉर्म क्लाऊड या कोर्स तपासायच्या साईटवर चढवून बघा, तिथे कोर्स एलएमएसला काय काय पाठवतोय त्याचा लॉग दिसतो. पूर्ण करून बघा, मधेच सोडून परत उघडून बघा, क्विझमधे मुद्दाम नापास होऊन बघा, मराठी व्हर्जन स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर बघा. जे लोक कोर्सच्या मधे आहेत त्यांची जागा सस्पेंड डेटामधे साठवलेली असते, स्लाईडी कमी-जास्त केल्या नसतील तर त्यांना अडचण यायला नको, तरी चढवायचं काम रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी करा आणि कॅश साफ करून तपासा, नाहीतर निम्म्या लोकांना जुनंच दिसतं आणि मेल सुरू होतात. आपण पॅच केलेल्या कोर्सला टूल बनवणाऱ्या कंपन्या सपोर्ट देत नाहीत, म्हणून काय बदललं, कुठल्या फाईलमधे, कधी, हे त्या मूळ झिपच्या शेजारीच लिहून ठेवा.

एक कागदपत्रांची गोष्ट राहिली आणि ती बदल सुरू करायच्या आधी बघायची आहे. कोर्ससाठी पैसे दिले म्हणजे त्यात बदल करायचा हक्क आपोआप मिळाला असं नसतं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे बाहेरच्या माणसाने बनवलेल्या कामाचे हक्क आपल्याकडे यायला लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क सोपवल्याचा कागद लागतो, आणि त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे परदेशातल्या ऑफिसलाही हा कोर्स दाखवत असाल तर ती ओळ आजच शोधा, आणि संदिग्ध वाटलं तर वकिलांकडून बघून घ्या. नवा व्हेंडर नेमताना तर करारात नुसतं सोर्स फाईल देणे असं लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येकजण वेगळा लावतो. प्रत्येक भाषेची डॉट स्टोरी फाईल, टूलची आवृत्ती, वापरलेले फॉन्ट, एडिट न केलेला ऑडिओ, स्टॉक फोटोंचे लायसन्स, भाषांतराच्या फाईली, असं एकेक नाव घालून लिहा, शेवटचा हप्ता हे सगळं हातात येऊन आपल्या मशीनवर उघडून बघितल्यावरच द्यायचा असं ठरवा, आणि मराठीचं काम व्हेंडरने पुढे दुसऱ्या कुणा फ्रीलान्सरला दिलं असेल तर त्याच्याकडूनही हक्काचं लेखी व्हेंडरने आणून द्यायचं, हेही त्याच करारात घ्या.